एका बंदुकीचे तीन खटके

६ जानेवारी

धाकट्या,

आहेस त्याहून थोडा शहाणा हो, हा मोठ्या बहिणीचा आशीर्वाद आधी घे, मग पुढचं वाच.

पोस्टमनने पत्र दारातून टाकलं तेव्हा मी भांडी विसळत होते. हात पुसायच्या आधीच अक्षर ओळखलं. घड्याळाच्या तबकडीवर आकडे उभे असावेत तसं ताठ अक्षर आपल्या घरात फक्त तुझंच. इतक्या वर्षांनी तुझं पत्र, म्हणून आधी वाटलं, कोण गेलं. मग वाचत गेले आणि हसून हसून तिथंच स्टुलावर बसले. शेजारीण बघायला आली, बरी आहात ना म्हणून. तिलाही वाचून दाखवलं. राग मानू नकोस, तिचा नवरा फार कमी बोलतो.

तर मला समजलं ते असं. तुमच्या क्रीडा मंडळाची नदीकाठची शर्यत दरवर्षी तू बाबांच्या बंदुकीचा बार काढून सोडतोस. नुसत्या दारूचा बार, गोळी नाही, परवाना मंडळाचा, ते बरं आहे. पण बंदुकीला खटका नाही, म्हणून तू पेटती काडी हातानं तिच्या कानाला, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या भोकाला, लावतोस. गेल्या वर्षी वारा होता. काड्या विझत राहिल्या, पळणारे कंटाळून खाली बसले, आणि सगळे बसल्यावर बार झाला. आता मंडळाचे अध्यक्ष, ते दातवाले डॉक्टर, म्हणतात की बंदूक बस झाली, विजेचा भोंगा आणू, आणि घड्याळजींनी, म्हणजे तू, आता खुर्चीत बसून शर्यत बघावी. ते खुर्चीत बसून बघणं तुला लागलं. मलाही लागलं असतं. मला कोणी स्वयंपाकघराबाहेर खुर्ची दिली तर मी ती चुलीत घालीन.

म्हणून तुला खटके हवेत. इतक्या वर्षांत बहिणीची आठवण आली नाही, खटक्यांची आली. असू दे. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू.

बाबा जाताना म्हणाले, बंदूक दोघांची. लोकांनी शेतं वाटली, घरं वाटली, पण बंदूक उघडून वाटून घेणारी आपणच दोघं. नळी आणि लाकडी दस्ता तुला, तिन्ही खटके मला. आणि मग दोघांनीही तोंडं फिरवली, जशी काही समोरच्याला मोठी वाटणी गेली.

आमच्या शेजारणीला कळेना की एका बंदुकीला तीन खटके कशाला. तिला सांगितलं की ती बाबांची नमुन्याची बंदूक. ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ओतायची आणि गजानं ठासायची. आत दारू सगळ्यांत सारखीच, भांडण फक्त तिला पेटवायचं कशानं याचं. गिऱ्हाईक आलं की बाबा एकेक खटका चढवून बार काढून दाखवायचे. हा तोड्याचा, म्हणजे पेटत्या दोरीचा, हा गारेचा, म्हणजे गारगोटीचा, हा टोपीचा. कोणता आवडतो सांगा, तसा करून देतो.

आज तोड्याचा पाठवते. तो सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत साधा. दोरी सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळव. ती ज्वाळेनं जळत नाही, नुसती धुमसत राहते. टोक चिमट्यात धर, चाप ओढला की चिमटा खाली येतो आणि निखारा कानाजवळच्या वाटीतल्या बारीक दारूला लागतो. बाबा त्या बारीक दारूला रंजक म्हणायचे. आणि दोरीची दोन्ही टोकं पेटव, एक विझलं तर दुसरं हाताशी असतं.

हा खटका अगदी आमच्या ह्यांच्यासारखा होता बघ. पेटायला वेळ, विझायला वेळ, आणि दिवसभर धूर.

माझी नात, आमची खार, तिकडे कॉलेजात आहे, माहीत आहेच तुला. वसतिगृहातलं खाऊन वाळली असेल. रविवारी बोलावत जा. तीही शर्यतीत पळणार म्हणते.

तुझी ताई

१९ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पार्सल पोचलं. खटका दस्त्यात बरोबर बसला, एका केसाचाही फरक नाही. बाबांची कानस आठवली. नंतर लक्षात आलं की कानस तूच धरायचीस.

रविवारी सरावाची शर्यत होती. डॉक्टर म्हणाले, दाखवा तुमचा जुना माल. मी दोरी भिजवली, वाळवली, दोन्ही टोकं पेटवली. वारा होता म्हणून फुंकत राहावं लागलं. फुंकून फुंकून मला भोवळ आली. पळणारे रेषेवर उभे, पण समोर कोणी बघेना. सगळ्यांच्या माना माझ्याकडे, त्या निखाऱ्याकडे. मी चाप ओढला. तो चिमटा इतक्या सावकाश खाली येतो की पाहणाऱ्याला जांभई यावी. पाववाल्याचा पोरगा, ज्याला सगळ्यांत वेगवान म्हणतात, निखाऱ्याबरोबर पुढे झुकत गेला, झुकत गेला आणि बार व्हायच्या आधीच तोंडावर पडला. त्याला बघून बाकीचे सुटले. बार झाला तेव्हा रेषेवर फक्त तो होता, आडवा.

शिवाय दोरीचं दुसरं टोक माझ्या कोटाच्या खिशात गेलं होतं. ते पेटलेलं होतं. दोन्ही टोकं पेटव असं तूच लिहिलं होतंस. ते खिशात घालू नकोस असं लिहिलं नव्हतंस.

डॉक्टरांनी भोंग्याचा कॅटलॉग काढून चष्मा लावला.

गारेचा खटका लवकर पाठव. तो जलद आहे असं आठवतं.

खार आली होती. तिला वाळलेली म्हणणं मला जमणार नाही. तिनं आमच्या घरचं दोन दिवसांचं संपवलं.

तुझा
धाकटा

२७ जानेवारी

धाकट्या,

तुझ्या कोटाचं वाईट वाटलं. आधी हसले आणि मग वाटलं, हे कबूल करायला मला काही अडचण नाही. पेटलेली दोरी खिशात घालू नये हे लिहायचं राहिलं खरं. पुढच्या वेळी आग भाजते, पाणी भिजवतं, हेही लिहीत जाईन.

आता गारेचा. हा पाठवताना जिवावर आलं, कारण याचा घोडा, चाप ओढल्यावर आपटतो तो, मी घासला होता. बाबांनी हात फिरवून पाहिला आणि काहीच बोलले नाहीत. बाबा बोलले नाहीत म्हणजे काम जमलं, हे तुला माहीत आहे. तू चुकलास की मात्र ते भाषण द्यायचे.

घोड्याच्या जबड्यात गार धरलेली आहे. मधे चामड्याचा तुकडा आहे, तो काढू नकोस, नाहीतर गार सुटून कोणाच्या तरी कपाळावर बसेल. चाप ओढला की गार पोलादाच्या पट्टीवर घासते, ठिणग्या वाटीत पडतात, रंजक भडकते आणि ती आग कानातून आत जाऊन खरा बार होतो. म्हणजे आधी छिस्स, मग धडाम. या दोन्हींच्या मधे जरासा श्वास जातो. जुने शिकारी म्हणायचे, तेवढ्यात सावज पळतं.

आपली आत्या आठवते? आधी डोळे वटारायची, मग बोलायची, आणि शहाणी माणसं डोळे वटारल्याबरोबर निघून जायची. हा खटका तसा.

दोन गोष्टी मात्र नीट ऐक, नाहीतर पुन्हा म्हणशील लिहिलं नव्हतंस. एक, नळीत दारू ठासताना कानात पक्ष्याचं पीस घालून ठेव, म्हणजे भोक बुजत नाही. बाबा कोंबडीचं घालायचे. ठासून झाल्यावर ते पीस आठवणीनं काढ. दुसरी, बार काढताना बंदुकीच्या उजव्या बाजूला कोणाला उभं करू नकोस. रंजकेची आग तिकडूनच बाहेर येते.

पार्सलाच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं, माझ्या वडिलांचं काम आहे. त्यांनी दोऱ्याची आणखी एक गाठ स्वतःहून मारली. चांगल्या बाई आहेत, गुडघे दुखतात त्यांचे. मी त्यांना तेल सांगितलं.

सध्या माझी एक पापणी लवते, ती बहुतेक तुझ्यामुळे. दर रविवारी मला आता चैन पडत नाही. आज भावाचा बार झाला असेल की फुसका, हे शेजारणीलाही आता माहीत हवं असतं. तिचा नवरासुद्धा परवा विचारत होता. म्हणजे तो बोलतो.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझ्या शेजारणीच्या नवऱ्याला पुन्हा गप्प बसायला लावेल असं काही लिहिणार आहे.

गारेचा खटका सुंदर आहे. मी तो दुकानात भिंगाखाली धरून पाहिला. इतकी गुळगुळीत कमान माझ्या घड्याळातही नाही. पण मैदानात असं झालं.

पहिल्या वेळी छिस्स झालं आणि अर्धे पळाले. धडाम झालं आणि उरलेले अर्धे पळाले. पुढचे समजले की आपण लवकर सुटलो, म्हणून परत फिरले. मागचे समोरून येत होते. पाववाल्याचा पोरगा पुन्हा आडवा.

दुसऱ्या वेळी छिस्स झालं आणि बार झालाच नाही. सगळे पळाले, वळणापर्यंत गेले, आणि मान खाली घालून परत आले.

तिसऱ्या वेळी छिस्स झालं, कोणी हललं नाही, मी बंदूक खाली करून वाटीत डोकावणार इतक्यात धडाम. मला काही झालं नाही. डॉक्टरांना झालं. त्यांना मी सांगितलं होतं की उजवीकडे उभे राहू नका. ते म्हणाले, अध्यक्ष उजवीकडेच उभा राहतो. आता त्यांची मिशी डावीकडे आहे तशीच आहे, उजवीकडे बरीच कमी आहे. ते दुसऱ्यांच्या तोंडात वाकून काम करतात, त्यामुळे गावातल्या प्रत्येकाला ती जवळून दिसते.

पळणाऱ्यांनी आपसात ठरवून टाकलंय की घड्याळजींचा पहिला आवाज खोटा, दुसरा खरा. पहिल्याला जो पळेल तो वेडा.

भोंगा आला. खांबावर चढवला. बटण डॉक्टरांच्या हातात. मंडळानं मला एकच संधी दिली आहे. मुख्य शर्यतीला चाप ओढल्याबरोबर बार झाला तर बंदूक राहील आणि मी राहीन. झाला नाही तर डॉक्टर बटण दाबतील, आणि पुढच्या वर्षीपासून मी खुर्चीत.

ताई, मी मुलं वाढवली, दुकान चालवलं, पण वर्षातून एकदा सगळं गाव माझ्या बोटाकडे बघतं. ते मला सोडवत नाही. हे कोणापुढे म्हटलेलं नाही.

टोपीचा खटका पाठव. तो मागच्या दोन्ही पार्सलांत का नव्हता, हे मी विचारणार नव्हतो. वाटणीचा राग अजून असेल तर तसं सांग.

तुझा
धाकटा

१६ फेब्रुवारी

धाकट्या,

राग कसला? मला राग ठेवायला घरात जागा नाही, सगळीकडे डबे.

टोपीचा खटका म्हणशील तर तो जरा गंजला आहे. म्हणजे गंजला असेल. म्हणजे तो कुठल्या डब्यात आहे ते बघावं लागेल. इकडे हवा दमट आहे आणि माझी नजरही पहिल्यासारखी राहिली नाही. मी म्हणते, गारेच्यालाच नीट समजावून बघ. कानातलं पीस काढलं होतंस का? बार उशिरा होतो तो कानात काहीतरी अडकल्यामुळेच. बाबांचंही एकदा तसं झालं होतं, दुकानभर जळक्या पिसाचा वास सुटला होता.

डॉक्टरांच्या मिशीबद्दल वाईट वाटलं, असं त्यांना माझ्याकडून सांग. दुसरी बाजूही तेवढीच कापली तर चेहरा सारखा दिसेल.

घाईत आहे. शेजारीण बोलावते आहे.

तुझी ताई

२२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पीस काढलं नव्हतं. ते असो.

रविवारी खार जेवायला आली. मी तिला दोन्ही खटके दाखवले आणि म्हटलं, तिसरा तुझ्या आजीकडे कुठल्या तरी डब्यात गंजतो आहे. ती खो खो हसली. म्हणाली, "मामाआजोबा, गंजतो कुठला, तो रोज चालतो. ओट्याच्या कडेला फळीवर स्क्रूनं बसवलाय. आजी त्यानं अक्रोड फोडते."

मी पुन्हा विचारलं. तिनं हातानं करून दाखवलं. घोडा मागे ओढायचा, खाली अक्रोड धरायचा, चाप ओढायचा, टक.

मी रागावलेलो नाही. मी घड्याळजी आहे, मला फक्त एवढंच कळत नाही की बाबांच्या हातचा उत्तम खटका, ज्याच्यावर माझी इज्जत टांगली आहे, तो टरफलं फोडतो आहे आणि मला पत्रात दमट हवा येते आहे.

शर्यत मार्चच्या पहिल्या रविवारी आहे.

तुझा
धाकटा

२६ फेब्रुवारी

धाकट्या,

बरं बाई, फोडते. फोडते अक्रोड. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, फक्त तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला म्हणून लिहिलं नाही.

तू घड्याळजी आहेस ना, मग शांतपणे ऐक. टोपीच्या घोड्याच्या तोंडाला खोलगट खाच असते, स्फोटक मसाला भरलेली तांब्याची टोपी फुटली की तिचे कपटे डोळ्यांत उडू नयेत म्हणून. त्या खाचेत अक्रोडाची शेंडी अशी बसते की जणू बाबांनी त्यासाठीच केली. दगडानं फोडलं तर गराचा भुगा होतो. दारात घालून फोडलं तर दार बिघडतं, सून बोलते. या खटक्यानं टक केलं की दोन सारखे तुकडे, मधे अख्खा गर. आमची सगळी नातवंडं याच्यावर वाढली. टक झालं की चारी बाजूंनी हात यायचे. ज्याचा हात आधी त्याचा गर. खारीचा हात नेहमी आधी, म्हणून तर ती खार.

आणि हेही ऐक. तू तिकडे गेलास, बाबांचं दुकान बंद झालं, सगळं कसं गप्प झालं. दिवसातून दोनदा ओट्यावर तो टक वाजला की मला वाटतं मागच्या खोलीत बाबा खटका तपासतायत. डब्यात गुंडाळून ठेवला असता तर गंजलाच असता. माझ्याकडे तो धावता राहिला. कमान बघ, नवी असल्यासारखी लागते.

आज पाठवते. पार्सलाच्या बाईंचे गुडघे बरे आहेत, तेलानं फरक पडला.

आता नीट वाच. याला रंजक नको, गार नको, दोरी नको. कानात जी आडवी नळी आटे देऊन बसते, ती वेगळ्या पुडीत आहे. ती घट्ट बसव. तिच्या टोकावर टोपी चढव. टोप्या परवान्याच्या दुकानातून ताज्या घे, बाबांच्या डबीतल्या घालू नकोस, त्या माझ्यापेक्षा म्हाताऱ्या झाल्या. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीच स्वतः पेटते आणि आग सरळ आत. छिस्स नाही, धूर नाही, वाट बघणं नाही. वारा असो, रिमझिम असो, त्याला काही नाही. टक आणि धडाम एकदमच.

हा खटका माझ्यासारखा आहे असं बाबा म्हणायचे. मनात आलं की तोंडात. तरी बघ, एवढे दिवस अक्रोडाचं लपवलं. वयानं माणूस बिघडतं.

शर्यतीच्या दिवशी मी सकाळपासून काही खाणार नाही. म्हणजे चहा घेईन.

तुझी ताई

ता. क. घोड्याच्या खाचेत टरफल राहिलं असेल तर टाचणीनं काढ.

१६ मार्च

प्रिय ताई,

टरफल होतं. टाचणीनं काढलं.

पार्सल शर्यतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आलं. बसवून, साफ करून, चाप नुसता ओढून पाहिला. टक. मी बसलो होतो तो उठून उभा राहिलो. बाबांनी हाक मारल्यासारखं वाटलं. मग तुझ्या अक्रोडांवरचा राग गेला. पण बार काढून बघायला वेळ नव्हता, तेव्हा पहिलाच बार तो खरा.

रविवारी सगळं गाव आलेलं. डॉक्टर खांबापाशी, बोट बटणावर, मिशी दोन्हीकडून सारखी कापलेली. त्यांचा सख्खा पुतण्याही पळणाऱ्यांत होता. पाववाल्याचा पोरगा मधोमध. आपली खार कडेला.

मी घोडा मागे ओढला. टोपी चढवली. बंदूक वर केली, चाप ओढला.

ताई, इतका स्वच्छ बार मी जन्मात ऐकला नाही. झाडावरचे कावळे गेले, नदीपलीकडून आवाज उलटून आला.

आणि कोणी पळालं नाही.

सगळे रेषेवर वाकून, दात आवळून, माझ्याकडे बघत उभे. मी त्यांच्याकडे बघत उभा. मग डोक्यात प्रकाश पडला. या लोकांना मीच शिकवलं होतं की घड्याळजींचा पहिला आवाज खोटा. ते शहाण्यासारखे दुसऱ्याची वाट बघत होते.

एकटी खार सुटली होती. मी बंदूक खाली करेपर्यंत ती वाटेवरच्या वडाच्या पुढे गेली होती. एकदा मागे वळून बघितलं तिनं, कोणी का येत नाही म्हणून, आणि मग आणखी जोरात पळाली.

तेव्हा डॉक्टर ओरडले. बटण सोडून, दोन्ही हात वर करून, पुतण्याकडे बघून ओरडले, "अरे पळा, सुटली शर्यत, बार झाला!"

सगळ्या गावानं ऐकलं. मग बाकीचे पळाले. पाववाल्याचा पोरगा या वेळी उभा राहिला होता, आणि तो पोरगा उभा राहिला तर काय पळतो ते आम्हाला आत्ता कळलं. त्यानं शेवटच्या वळणावर खारीला गाठलं. तो पहिला, ती दुसरी. डॉक्टरांचा पुतण्या कितवा आला ते डॉक्टर सांगत नाहीत.

संध्याकाळी मंडळ बसलं. डॉक्टर म्हणाले, ही काय शर्यत झाली, अर्धं गाव उभंच. त्यावर कोषाध्यक्ष म्हणाले की बार झाला हे तुम्हीच ओरडून सांगितलंत. पाववाल्यानं विचारलं की उशिरा सुटलेला माझा पोरगा जिंकला, मग तक्रार कोणाची. तक्रार कोणाचीच निघाली नाही. ठराव झाला की बंदूक चाप ओढल्याबरोबर एकदाच आणि वेळेवर वाजली, गडबड पायांची होती. बंदूक राहिली. मी राहिलो. भोंगा डॉक्टरांनी दवाखान्यात नेला, पुढच्या पेशंटला आत बोलावायला. पहिल्याच दिवशी दोन माणसं दात न काढता घरी गेली.

जेवताना खारीला विचारलं की तूच एकटी कशी पळालीस. तिनं मान वर केली नाही, जेवत जेवत म्हणाली, "टक झालं की थांबायचं नसतं, मामाआजोबा. थांबलं की गर दादा खातो."

या पत्राबरोबर एक पार्सल आहे. जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची कमान, ठोके देणारी हातोडी आणि सागाची फळी. तुझ्या टोपीच्या खटक्याचं माप घेऊन केला आहे, घोड्याच्या तोंडाला तशीच खाच पाडली आहे. बाबांनी तीन खटके केले. हा चौथा माझा. हा कशालाच आग लावत नाही.

टोपीचा परत हवा असेल तर कळव, लगेच पाठवतो. पण मला वाटतं की बाबा दोघांची म्हणाले होते, अर्धी अर्धी म्हणाले नव्हते. लहानपणी खटके तू घासायचीस आणि बार मी काढायचो. तुला बंदूक कधी दिली नाही, तू मागितलीसही नाहीस, आणि मी हे आत्ता आत्ता मोजायला लागलो. पुढच्या वर्षी शर्यतीला ये. चाप तू ओढ. मी खुर्चीत बसून बघीन.

तुझा
धाकटा

२५ मार्च

धाकट्या,

पत्र शेजारणीनं वाचलं, तिच्या नवऱ्यानं वाचलं, सुनेनं वाचलं, पार्सलाच्या बाईंनी उभ्याउभ्या वाचलं. मी पाचव्यांदा वाचते आहे आणि "कोणी पळालं नाही" इथे आलं की अजून माझी पोटदुखी सुरू होते. डॉक्टर चांगले आहेत रे. घरच्या माणसासाठी जो असा ओरडतो तो वाईट नसतो. त्यांना माझ्याकडून एक थैली अक्रोड दे. दातांना लागतील असं म्हणतील, पण घेतील.

खार दुसरी आली म्हणून मी घरभर सांगितलं. पहिली आली असती तर एवढं सांगायला मिळालं नसतं. पहिलं आलं की लोक बरं म्हणतात आणि विषय बदलतात.

तुझा चौथा खटका ओट्याच्या कडेला बसवला. सुनेनं स्क्रू पिळले, ती अशा कामात हुशार आहे, हे तिला सांगितलं नाही, सांगीन. अक्रोड छान फुटतो. गर अख्खा. पण आवाज निराळा आहे. बाबांचा खटका टक म्हणायचा, हा जरा घुमतो, लांबच्या खोलीत घड्याळानं ठोका द्यावा तसा. पहिले दोन दिवस चुकल्यासारखं वाटलं. काल चहा टाकता टाकता तो वाजला आणि मी म्हटलं, अरे, धाकटा आला वाटतं. तेव्हा आता हाच राहू दे.

टोपीचा खटका परत नको. तिन्ही तिथेच ठेव, नळीजवळ. गारेच्या घोड्यावर तेल ठेव, बोटानं, फडक्यानं नाही.

आणि हो, मी येणार आहे. चाप मी ओढणार. या विषयावर पुन्हा विचारू नकोस, नाहीतर मी आत्ताच निघेन आणि वर्षभर तुझ्या दुकानात बसेन. खांद्याला दस्ता कसा टेकवायचा ते मी रोज लाटण्यानं करून बघते. सून म्हणाली, आई, काय चाललंय. मी म्हटलं, मंडळाचं काम आहे.

खुर्चीत मात्र बसू नकोस. माझ्या डावीकडे उभा राहा, तिथून मला तुझं तोंड दिसेल. डॉक्टरांना सांग की अध्यक्षांनी खुशाल उजवीकडे उभं राहावं. टोपीच्या खटक्याची आग बाजूला फारशी येत नाही.

फारशी.

तुझी ताई